छत्री खाली उतरवा
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाची खरेदी आहे, ज्वारीचा भाव आहे, पीकविमा आहे, आणि सर्वांत शेवटी, छापखान्यात चुकून शिरल्यासारखा, 'घरातील टीव्ही' हा विषय आहे. सकाळपासून तीन-चार जणांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, ही काय भानगड? आता टीव्ही दुरुस्तीचे दुकान काढायचे आहे काय?

दुकान काढायचे नाही. पण दुकानात आपले किती जाते याचा हिशेब मांडायचा आहे. महिन्याला अडीचशे रुपयांचे रिचार्ज धरा. वर्षाचे झाले तीन हजार. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. त्या भावाने तीन हजार म्हणजे बेचाळीस किलो कापूस. पेरला, डवरला, फवारला, वेचला, आणि चित्र पाहण्यासाठी देऊन टाकला. ज्याला द्यायचा आहे त्याने खुशाल द्यावा. आपल्या पैशाचे काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, असेच आम्ही नेहमी सांगत आलो. परंतु ज्याला काही पर्याय आहे हेच ठाऊक नाही, त्याने दिलेला पैसा हा खुशीचा पैसा नव्हे.

दुसरे असे की, ज्यांच्या घरी फुकटची छत्री आहे त्यांचेही रडगाणे आम्ही मुक्कामाच्या प्रत्येक गावी ऐकतो. 'साहेब, ढग आले की टीव्ही जाते.' 'वारा सुटला की चौकोन पडतात.' 'मिस्त्री येतो, दोनशे घेतो, आठ दिवस चालते.' मिस्त्रीचा राग करून उपयोग नाही. आपण कृषी केंद्रात जाऊन 'काहीतरी चांगले औषध द्या' म्हणतो तेव्हा दुकानदार जे करतो, तेच मिस्त्रीही करतो. विचारणाऱ्याला काही कळत नाही हे त्याला पहिल्याच वाक्यात कळते.

तेव्हा आज यंत्र समजून घेऊ.

आमच्या पिढीने लहानपणी ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना पाहिला. एक जण छपरावर चढून तो फिरवायचा, एक जण अंगणात उभा राहायचा आणि एक जण आतून ओरडायचा, 'आलं, आलं... गेलं!' ते प्रक्षेपण जमिनीवरच्या मनोऱ्यावरून यायचे. मनोरा चाळीस-पन्नास किलोमीटरवर, म्हणजे आपल्या दृष्टीने पार क्षितिजाला टेकलेला. मध्ये टेकडी आली, आमराई आली, की लाट अडली. म्हणून अँटेना जितका उंच तितके चित्र चांगले. वीस फुटी बांबू, त्यावर आणखी पाइप. हा धडा आपण इतका पक्का गिरवला की, मनोरे बंद झाले तरी तो डोक्यातून गेला नाही. दूरदर्शनचे ते जुन्या पद्धतीचे मनोरे टप्प्याटप्प्याने बंद होत गेले आणि मार्च २०२२ पर्यंत, सीमेलगतचे व बेटांवरचे थोडे सोडले तर, जवळजवळ सगळेच मिटले. २०१६ मध्ये सोळा शहरांत जमिनीवरूनच डिजिटल प्रक्षेपण सुरू केले गेले, त्यात आपल्या राज्यातील मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ही दोन होती. तो मामला शहर आणि त्याच्या आसपासचा. तेव्हा आठवडी बाजारात कोणी 'बिनछत्रीचा डिजिटल अँटेना, दोनशे चॅनेल' म्हणून काही विकायला बसला असेल, तर त्याला फक्त एवढेच विचारा की, दादा, आमच्या तालुक्यात याला दाखवायला मनोरा कुठे आहे?

आज चित्र येते ते आकाशातून. हे काही अगदी नवे नाही. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ असे एक वर्ष देशातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० खेड्यांत अमेरिकेच्या उपग्रहावरून थेट टीव्ही दाखवला गेला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, दहा-दहा फुटी छत्र्या होत्या त्या. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आंध्र, कर्नाटक, मध्य प्रदेश म्हणजे आपल्या शिवाराला लागूनचे शेजारीच, आणि पाहणारे शेतकरीच होते.

डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने घरोघर थेट उपग्रहावरून चॅनेल देणे सुरू केले. तेच आजचे 'डीडी फ्री डिश'. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला, साधारण दीड-दोन हजारांत, की पुढे महिन्याचे काही नाही. अडाणी माणसाच्याही मनात प्रश्न येतो, मग पैसे कोण भरतो? फुकट कोणी काही देत नसते. २०११ पासून तिथल्या जागांचा लिलाव होतो, खासगी चॅनेलवाले कोटी-कोटी रुपये बोली लावतात, कारण तुम्ही-आम्ही टीव्हीसमोर बसलो की साबण, बियाणे आणि फवारणीची औषधे विकणारा जाहिरातदार त्यांना पैसे देतो. म्हणजे तिथे माल म्हणून विकले जातो ते आपण. हे लक्षात ठेवून पाहिले तर पाहायला हरकत नाही.

याच बॉक्सवर सह्याद्री आहे, मे २०१५ मध्ये सुरू झालेले डीडी किसान आहे, आकाशवाणीची रेडिओ केंद्रेही आहेत. आणि शिक्षणाची चॅनेल आहेत. २०२० साल आठवा. जूनमध्ये शाळा उघडलीच नाही. शहरातल्या पोरांनी मोबाइलवर शाळा केली. आपल्याकडे एका घरात एक मोबाइल, तोही बापाच्या खिशात आणि बाप वावरात. त्या वर्षी जुलैपासून सह्याद्रीवर पहिली ते आठवीच्या पोरांसाठी 'टिलीमिली' मालिका लागत होती. ज्या घरची छत्री नीट, त्या घरच्या पोराला रोज थोडी तरी शाळा मिळाली. ज्या घरची छत्री वानराने हलवली आणि बापाला सरळ करता आली नाही, त्या पोराची तेवढीही गेली. मिस्त्री त्या दिवसांत गावात येऊच शकत नव्हता. या विषयाला इथे जागा का दिली, त्याचे कारण हे आहे.

आता कामाचे. जुना टीव्ही कमकुवत लाटेवरही काहीतरी दाखवायचा. मुंग्या यायच्या, पण मुंग्यांतून माणूस ओळखू यायचा. डिजिटलचे तसे नाही. लाट पुरेशी आहे तोवर चित्र एकदम स्वच्छ. थोडी कमी पडली की चौकोन, आणि आणखी कमी पडली की काळा पडदा. विहिरीच्या काठासारखे आहे. काठापासून एक फुटावर उभे राहा की दहा फुटांवर, पाय कोरडेच. पण एक फुटावर उभ्या असलेल्याला जरासा धक्का पुरतो. आपल्या बहुतेक छत्र्या अशा काठावर उभ्या आहेत. उन्हात चित्र स्वच्छ दिसते म्हणून मिस्त्री 'झालं' म्हणून जातो. पुढे ढग आला, थेंब पडले, वारा सुटला, की तोल गेलाच. चित्र चांगले दिसणे म्हणजे काम झाले असे नाही. काठापासून किती लांब आहोत ते मोजावे लागते, आणि ते मोजायचे साधन तुमच्या रिमोटमध्येच आहे.

ते साधन हातात घेण्याआधी दिशा समजली पाहिजे. उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी खिळल्यासारखा असतो. फ्री डिशची चॅनेल ज्या जीसॅट-१५ वरून येतात तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो सोडला गेला. त्याच्या आधी ही चॅनेल इन्सॅट-४बी वरून येत होती, तोही त्याच जागी, म्हणून उपग्रह बदलला तरी तुमच्या छत्रीला हात लावावा लागला नाही. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातून ही जागा आग्नेयेला पडते. यवतमाळला थोडी दक्षिणेकडे झुकलेली आग्नेय, संभाजीनगरला जवळजवळ नेमकी आग्नेय. आणि उंची? क्षितिजापासून साठ अंश. लक्षात घ्या, साठ! नव्वद म्हणजे डोक्यावर. म्हणजे आपला उपग्रह आकाशात चांगलाच वर चढलेला आहे.

यातून जे निघते ते आम्हाला आज सगळ्यांत जोराने सांगायचे आहे. साठ अंशावरच्या वस्तूकडे पाहायला उंच पाइप लागत नाही! दहा फुटांवर उभे असलेले झाड छत्रीपेक्षा सतरा फूट उंच असेल तेव्हा कुठे ते आडवे येऊ लागते. वीस फुटांवरचे झाड चौतीस फूट उंच हवे. म्हणजे आग्नेयेला थोडे मोकळे आकाश असले की, छत्री ओसरीच्या भिंतीवर, कमरेइतक्या उंचीवर, अगदी अंगणात सिमेंटच्या ओट्यावर बसवली तरी चित्रात तसूभर फरक पडत नाही. उलट फायदाच. उंच पाइप वाऱ्यात डोलतो, आणि छत्री एक अंश हलली तर ३६ हजार किलोमीटरवर तिची नजर सहाशे किलोमीटर बाजूला जाते. पाइप डोलतो, चौकोन पडतात, आपण म्हणतो सिग्नल खराब. सिग्नल कशाला खराब असेल, पाइप डोलतो आहे! तेव्हा पहिले काम हे की, छत्री खाली उतरवा. टिनाच्या पत्र्यावर बसवलेली असेल तर ती आधी उतरवा. पत्रा उन्हाने फुगतो, रात्री आखडतो, वाऱ्यात थरथरतो. पक्क्या भिंतीला फास्टनर मारून घ्या. मातीच्या भिंतीला किंवा माळवदाला मारू नका, त्यापेक्षा अंगणातला ओटा बरा. फक्त बैल अंग घासणार नाहीत अशा जागी.

जागा योग्य आहे की नाही हे पाहायला एक युक्ती आहे, आणि ती आपल्या लोकांना शोभणारी आहे, कारण सूर्याचे चालणे आपल्याइतके कोणी पाहत नाही. वर्षातून दोनदा सूर्य आपल्या भागातून पाहता बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. एकदा ११-१२ मार्चच्या आगेमागे, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास. एकदा २ ऑक्टोबरच्या आगेमागे, अकराला थोडे कमी असताना. त्या चार-दोन दिवसांत, त्या वेळेला, काही मिनिटे चित्र बिघडते. सूर्याचा गोंगाट उपग्रहाच्या आवाजाला दाबून टाकतो. त्याला इलाज नाही आणि त्यासाठी मिस्त्रीही बोलवायचा नाही. पण तीच मिनिटे आपल्या कामाची. त्या वेळी तुम्ही ठरवलेल्या जागेवर ऊन पडत असेल तर उपग्रह त्या जागेला दिसतो. सावली असेल तर दिसत नाही. एक काडी रोवा, पाहा, संपले. आम्ही स्वतः ऑक्टोबरची परीक्षा खरी धरतो. मार्चमध्ये कडुनिंबाची पाने झडलेली असतात, ऊन आत येते, आपल्याला वाटते जागा मोकळी आहे. मग पालवी फुटते, पावसात पाने ओली होतात, आणि ओले पान या लाटेला भिंतीसारखे असते.

ऑक्टोबरपर्यंत थांबायचे नसेल तर मोबाइलमधले होकायंत्र वापरा. उत्तरेला शून्य धरून १४० च्या आसपास आकडा आला की ती दिशा. पश्चिमेच्या जिल्ह्यांत १३६-१३८, पूर्वेला थोडे पुढे. मात्र लोखंडी पाइप, पत्रा, ट्रॅक्टर यांच्यापासून चार पावले लांब उभे राहा, नाहीतर होकायंत्र लोखंडाचेच ऐकते. होकायंत्र नसेल तर हिवाळ्यात दुपारी सव्वाबाराच्या सुमारास उभ्या काडीची सावली सर्वांत आखूड होते, ती उत्तर-दक्षिण रेघ. तिच्या दक्षिण टोकापासून पूर्वेकडे चाळीस अंश वळा. मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा ही काडी फसवते.

पाइप ओळंब्यात हवा. गवंड्याचा ओळंबा लावून दोन बाजूंनी पाहा. पाइप तिरका असला की छत्री वळवताना ती वरही जाते आणि बाजूलाही, आणि मग दिवस जातो. दुसरे, छत्रीचे तोंड जिकडे पाहताना दिसते त्यापेक्षा तिची खरी नजर सुमारे पंचवीस अंश वर असते, तिचा आकारच तसा आहे. म्हणून साठ अंशासाठी ती आडवी पाडायची गरज नाही. ब्रॅकेटवर कोरलेल्या आकड्यांवर साठ लावा आणि तिथून सुरुवात करा.

आता रिमोट घ्या. मेनूमध्ये सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात. एक स्ट्रेंग्थ, एक क्वालिटी. या दोन पट्ट्यांचा फरक ज्याला कळला त्याला कोणी फसवू शकत नाही. छत्रीच्या दांडीच्या टोकाला जो डबा असतो, एलएनबी, तो स्वतःच लाट वाढवून बॉक्सकडे पाठवतो. त्याला वायर जोडली की स्ट्रेंग्थची पट्टी वर चढते, छत्री आकाशाकडे असो की गोठ्याकडे. स्ट्रेंग्थ म्हणजे एवढेच की वायर आणि डबा जिवंत आहेत. नेमका उपग्रह सापडला की नाही हे फक्त क्वालिटी सांगते. स्ट्रेंग्थ नव्वद आणि क्वालिटी शून्य म्हणजे तुम्ही भलत्याच दिशेला पाहता आहात, किंवा शेजारच्या उपग्रहाकडे. शेजारी फार लांब नाही. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशावर आहे, म्हणजे जेमतेम दीड अंशावर.

क्वालिटी दिसू लागली की घाई करू नका. नट अर्धे आवळलेले ठेवा. छत्री डावीकडे केसभर न्या, थांबा, दोन-तीन सेकंद आकडा स्थिर होऊ द्या. बॉक्स हळू असतो. वाढला तर आणखी केसभर. कमी होऊ लागला की परत सर्वांत मोठ्या आकड्यावर या. मग तसेच वर-खाली. मग एलएनबीचा डबा त्याच्या पकडीत थोडा थोडा फिरवून पाहा, कारण लाटेला पीळ असतो आणि आपल्या भागात तो बराच आहे. मिस्त्री लोक हे शेवटचे काम सहसा करत नाहीत, चित्र आले की पिशवी भरतात. ज्याला काठापासून लांब जायचे आहे त्याला इथेच सर्वांत जास्त मिळते. नट आवळताना एकदम एक बाजू आवळू नका, आळीपाळीने आवळा आणि नजर आकड्यावर ठेवा. आवळतानाच छत्री सरकते. शेवटचा आकडा बॉक्सजवळ भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा. प्रत्येक बॉक्सचा आकडा वेगळा असतो, म्हणून शेजाऱ्याशी तुलना करू नका, आपल्याच भिंतीशी करा. सहा महिन्यांनी पंधरा-वीसने उतरला असेल तर काहीतरी हलले किंवा काहीतरी भिजले.

भिजले म्हणजे बहुधा जोड. वायर आत तांब्याची एकच तार, भोवती पांढरा फेस, त्यावर जाळी. टोकाच्या पिनेत जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी सगळे बंद, आणि बॉक्सला झटका बसतो, कारण त्याच वायरीतून बॉक्स एलएनबीला तेरा किंवा अठरा व्होल्टची वीज देतो. म्हणून वायर काढताना-लावताना बॉक्सचा प्लग काढलेला असावा. वायर मध्येच जोडू नका. वीस मीटर लागते तर वीस मीटरचा एकच तुकडा घ्या. एलएनबीजवळ आणि घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून ठिबकेल, पिनेत शिरणार नाही. जोडावर चांगली टेप गुंडाळा, खालून वर, कौले शाकारतात तशी. एलएनबीचे प्लास्टिकचे झाकण चार उन्हाळ्यांत तडकते, आत पाणी नाहीतर कुंभारमाशीचे घर. झाकण तडकले असेल तर डबा बदला. छत्री बदलायची गरज नाही.

आता पावसाचे. मुसळधार सरीत थोडा वेळ चित्र जाणारच. थेंब या लाटेला खातात. त्यात कोणाचा दोष नाही. परंतु नीट बसवलेल्या छत्रीचे चित्र जोराच्या सरीत काही मिनिटे जाते, आणि काठावर बसवलेल्या छत्रीचे नुसत्या झडीत दिवसभर. फरक मोठा आहे. मृगात पेरणी थांबवायची की तिफण काढायची हे ज्या दिवशी ठरवायचे, त्याच दिवशी आभाळ भरलेले असते आणि त्याच दिवशी टीव्ही बंद. साठ सेंटिमीटरच्या छत्रीने भागत नसेल तर नव्वदची सव्वादोन पट लाट गोळा करते. पण आमचे मत असे की, आपल्याकडच्या पावसाला साठची पुरते, नीट बसवली तर. मोठी छत्री वाराही मोठा धरते.

कोणी म्हणेल, मोबाइल आहे ना. आहे, आणि काही कामांना तोच बरा. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप टीव्हीपेक्षा कितीतरी उपयोगाचे, कारण ते तुमच्या जागेपुरते सांगते. ते जरूर ठेवा. पण मोबाइल एकाच्या हातात असतो. टीव्ही म्हातारी आई पाहते, सून पाहते, सालदार दारात उभा राहून पाहतो. हवामानाची बातमी सगळ्या घराने एकदम ऐकली म्हणजे उद्या वावरात जायचे की नाही यावर घरात बोलणे होते, आणि त्या बोलण्यात बायामाणसांनाही तोंड उघडता येते.

चॅनेल गायब होणे ही वेगळी तक्रार, आणि छत्रीशी तिचा संबंध नाही. लिलावात जागा बदलतात. मार्च २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपली लोकप्रिय हिंदी चॅनेल फ्री डिशवरून काढून घेतली. गावोगाव लोकांना वाटले छत्री बिघडली. किती जणांनी मिस्त्रीला पैसे दिले असतील! बाकीची चॅनेल स्वच्छ दिसत असतील तर छत्रीला हात लावू नका. मेनूत जाऊन ऑटो स्कॅन करा, दर एप्रिलमध्ये एकदा तर कराच. दुकानात बॉक्स घेताना तो एमपेग-४ आहे का ते विचारा. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर निम्मी चॅनेल दिसत नाहीत. नवा टीव्हीच घ्यायचा असेल तर उपग्रहाचा ट्यूनर आतच असलेला मिळतो का पाहा. भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी मानक जाहीर केले आहे. तसा टीव्ही असला की बॉक्स लागत नाही, एक रिमोट कमी.

आणि ज्यांनी खासगी कंपनीचे रिचार्ज सोडले, त्यांच्या छपरावरची छत्री गंजू देऊ नका. विकत घेतलेली असेल तर ती तुमची आहे. एलएनबीवर ९७५०/१०६०० किंवा 'युनिव्हर्सल' लिहिलेले असेल तर तीच छत्री ९३.५ कडे वळवा. ९५ अंशावर लावलेली असेल तर हातभरसुद्धा हलवावी लागत नाही, पश्चिमेकडे बोटभर. कंपनीचा बॉक्स मात्र बहुधा दुसऱ्या कामाचा नसतो, तेवढा नवा घ्यावा लागेल.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. लोखंडी पाइप हातात धरून छपरावर चढलेला माणूस आणि वरून गेलेली विजेची तार, याचा शेवट काय होतो ते प्रत्येक तालुक्याला माहीत आहे. तारेखाली, तारेशेजारी, पाइप आडवा पडला तर पोहोचेल इतक्या अंतरावर छत्री बसवायची नाही. चित्र नाही आले तरी चालेल. वीज कडाडू लागली की टीव्ही आणि बॉक्सचे प्लग काढायचे, छत्रीची वायरही बॉक्समधून काढून बाजूला टाकायची. आणि हे कडकडाट डोक्यावर येण्याआधी करायचे.

जेवणानंतर सभागृहामागे, त्या बाभळीच्या पलीकडे, एक साठची छत्री कमरेइतक्या पाइपावर बसवायची आहे. आम्ही हात लावणार नाही. ज्यांच्या घरी चौकोन पडतात त्यांनीच बसवायची, आणि बायांनी आधी. दहाचा आणि तेराचा पाना लागेल. ट्रॅक्टर घेऊन आलेल्यांपैकी कोणाच्या पेटीत असेल तर घेऊन या.